पैसा लावणारा कोण आणि कोणत्या नात्याने? मुंबईत नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत नवा धंदा काढणाऱ्याला, नाटक उभे करणाऱ्याला किंवा एखादे दुकान भाड्याने घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मागे कोण आहे?" प्रश्नाचा रोख अर्थातच पैशाकडे असतो. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी सांगतो, "एक शेठ आहेत". कोणी म्हणतो, "पार्टी मिळाली आहे". कोणी "फायनान्सर" म्हणतो, तर कोणी सरळ "पार्टनरने पैसा टाकला आहे" असे सांगून मोकळा होतो. विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होते. परंतु पैसा घेणाऱ्याने स्वतः तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण या सैल शब्दांच्या आड कर्ज देणारा, भागीदार, भागधारक, जामीनदार, प्रायोजक आणि देणगीदार अशी निरनिराळी माणसे उभी असतात, आणि प्रत्येकाशी आपले कायदेशीर नाते वेगळे असते. बोलताना "पार्टनर" आणि कागदावर "धनको", किंवा बोलताना "मदत" आणि मनात "निम्मा हिस्सा", अशी तफावत राहिली की भांडण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उघडे पडते. तोट्याच्या वेळी ते होतेच. पण मला अधिक वेळा दिसते ते नफा सुरू झाल्यावरचे भांडण.

विवेचन सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. गोरेगावात राहणाऱ्या एका तरुणीला पोळी-भाजी केंद्र काढायचे आहे. गाळ्याची अनामत रक्कम, शेगडी, भांडी, फ्रीज आणि पहिल्या काही महिन्यांचा खर्च धरून तिला पाच लाख रुपये हवे आहेत. तिच्या ओळखीचे एक काका म्हणतात, "पैशाची काळजी करू नकोस, मी आहे."

पहिली पायरी: तोट्याचा प्रश्न आधी विचारावा

काकांच्या त्या वाक्याने हुरळून न जाता तिने एकच प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा: "काका, वर्षभराने केंद्र बंद करावे लागले, तर तुमच्या पाच लाखांचे काय?" नफ्याबद्दल सुरुवातीला सगळेच उदार असतात, पैसा कोणत्या नात्याने येत आहे हे तोट्याच्या प्रश्नावरच कळते.

"ते तर तुला परत करावेच लागतील" असे उत्तर आले, तर काका धनको आहेत आणि ती ऋणको. "बुडाले तर दोघांचे बुडाले" असे उत्तर आले, तर ते भागीदार किंवा गुंतवणूकदार आहेत. "परत करू नकोस, पण पाटीवर माझ्या मसाल्याच्या ब्रँडचे नाव हवे" असे म्हणाले, तर ते प्रायोजक आहेत. "पैसे बँक देईल, मी फक्त सही करतो" असे म्हणाले, तर ते जामीनदार आहेत. काहीच मागितले नाही, तर ते देणगीदार, आणि जुन्या भाषेत आश्रयदाते. काकांनी दोन उत्तरे एकत्र दिली, म्हणजे "बुडाले तर परत दे, चालले तर निम्मा नफा दे" असे म्हटले, तर ही बोलणी अजून पूर्ण झालेली नाहीत असे समजावे आणि पैसा हातात घेऊ नये. अशा दुहेरी अपेक्षेत काकांचा लबाडपणा असतोच असे नाही. पुष्कळदा त्यांनीही हा विचार नीट केलेला नसतो.

मराठी माणसाच्या परिचयाचे एक उदाहरण या ठिकाणी फार उपयोगी पडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाण्यासाठी आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या. म्हणजे पहिला पैसा तारणावरच्या कर्जाचा होता. परत आल्यावर वाटाण्याचे रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म त्यांनी तयार करून लोकांना दाखवली आणि ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना कर्ज दिले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी लागले. पहिला चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला तो असा कर्जाऊ पैशावर. पुढे १९१८ साली मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, तेव्हा मात्र पैसा भागीदारांचा होता आणि फाळके त्यात काम करणारे भागीदार होते. खर्च किती करावा आणि एका चित्रपटाला किती काळ द्यावा यावरून खटके उडू लागले, फाळके बाहेर पडून काशीला गेले आणि १९२२ साली परतले. कर्ज देणाऱ्या नाडकर्ण्यांना चित्रणाला किती दिवस लागतात हे विचारण्याचा अधिकार नव्हता, भागीदारांना तो होता. कर्ज आणि भागीदारी यांतील व्यवहारातला फरक तो हाच.

दुसरी पायरी: कर्ज असेल तर दर, पावती आणि परवाना पाहावा

काका धनको ठरले, तर पहिली बाब व्याजाची. मुंबईच्या बाजारात "दोन टक्के" म्हटले की ते दरमहा दोन टक्के असतात, हे बाहेरून आलेल्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही. पाच लाखांवर दरमहा दोन टक्के म्हणजे महिन्याला दहा हजार आणि वर्षाला एक लाख वीस हजार रुपये, म्हणजेच वार्षिक २४ टक्के. म्हणून दर लिहिताना "वार्षिक" किंवा "दरमहा" हा शब्द लिहिलाच पाहिजे, आणि व्याज मूळ रकमेवर आहे की उरलेल्या मुद्दलावर, हेही लिहिले पाहिजे.

फेरीवाले आणि छोटे दुकानदार यांच्यात चालणारी "डेली" ही पद्धत तर अधिक फसवी आहे. समजा, दहा हजारांच्या कर्जापोटी हातात नऊ हजार दिले आणि रोज शंभर रुपये याप्रमाणे शंभर दिवस वसूल केले. ऐकताना वाटते, हजार रुपयेच तर जास्त गेले. प्रत्यक्षात मुद्दल रोज थोडे थोडे परत जात असल्यामुळे सरासरीने साधारण साडेचार हजारच तुमच्याजवळ राहतात, आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये म्हणजे वर्षाच्या हिशेबाने सुमारे ८० टक्के व्याज होते. "रोजचे शंभर काय, चहापाण्यात जातात" असे सांगणाऱ्यासमोर हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

महाराष्ट्रात सावकारीचा व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवाना लागतो आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना देणारी यंत्रणा सहकार विभागाची, म्हणजे निबंधकांची आहे. बिगरशेतकरी ऋणकोसाठी २०१४ च्या अधिसूचनेने तारण कर्जाला वार्षिक १५ टक्के आणि विनातारण कर्जाला वार्षिक १८ टक्के अशी कमाल मर्यादा ठरवली. परवानाधारक सावकाराला चक्रवाढ व्याज लावता येत नाही. याशिवाय जुन्या मुंबई इलाख्यात चालत आलेला दामदुपटीचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे: थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. ओळखीच्या माणसाने एखाद्या वेळी दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारीचा व्यवसाय नव्हे, हेही खरे. पण तोच माणूस दहा जणांना व्याजी पैसे देत असेल, तर परवाना दाखवा असे म्हणण्यात संकोच करू नये.

रोखीचा मोह टाळावा. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही आणि परत करतानाही तीच मर्यादा लागू होते. आधीची शिल्लक धरून ही रक्कम मोजतात. नियम मोडल्यास जेवढी रक्कम घेतली किंवा फेडली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि विशेष म्हणजे तो देणाऱ्याला नसून ऋणकोला होतो. काका प्रेमाने पिशवीत पाच लाख घेऊन आले, तरी ते बँकेतूनच घ्यावेत.

सुरक्षा म्हणून कोरा धनादेश मागण्याची पद्धत सर्रास आहे. सही केलेला कोरा धनादेश देणे म्हणजे रक्कम भरण्याची मुभा देणे होय. तो न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरण्याची संधी, आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धनादेश द्यावाच लागला, तर रक्कम, तारीख आणि नाव भरून द्यावा, त्याचा क्रमांक करारात लिहावा आणि कर्ज फिटल्यावर तो परत मिळेल असे वाक्य त्यात घालावे.

या सगळ्याआधी बँकेत जाऊन यावे, असे माझे मत आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत, 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात दहा लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. 'तरुण' कर्ज नीट फेडलेल्यांसाठी वीस लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' गट नंतर आला. आपल्या उदाहरणातील तरुणीची गरज 'किशोर' गटात बसते. शाखेत दोन-चार खेपा घालाव्या लागतील आणि दरपत्रके मागितली जातील. तरीही दोन टक्के महिन्याच्या पैशापेक्षा ती दगदग स्वस्त पडते.

तिसरी पायरी: भागीदारी असेल तर कागदाशिवाय एकही दिवस काढू नये

"बुडाले तर दोघांचे" असे काका म्हणाले असतील, तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ समजून घ्यावा लागतो. या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की भागीदारीपत्रात एखादी बाब लिहिली नसेल, तर ती कायदा स्वतः भरून टाकतो. हिस्सा लिहिला नाही, तर नफा आणि तोटा सारखा वाटला जातो. कामाचा मोबदला लिहिला नाही, तर तो मिळत नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम एखाद्या भागीदाराने फर्मला दिली, तर त्यावर वार्षिक सहा टक्के व्याज मिळते. आता आपल्या तरुणीचा विचार करा. ती पहाटे पाचला उठून पोळ्या लाटणार, काका महिन्यातून एकदा येऊन वही पाहणार, आणि कागद नसल्यामुळे दोघांना निम्मा-निम्मा नफा, तिला वेगळा पगार नाही. हा अन्याय काकांनी केलेला नसतो, न लिहिलेल्या कागदाने केलेला असतो.

म्हणून भागीदारीपत्रात पुढील गोष्टी स्वच्छ असाव्यात: कोणी किती भांडवल घातले, काम करणाऱ्या भागीदाराला दरमहा किती मोबदला, उरलेल्या नफ्याची वाटणी कशी, तोट्याची वाटणी त्याच प्रमाणात की वेगळी, बँकेच्या खात्यावर सही कोणाची, किती रकमेच्या वर खर्च करताना दुसऱ्याची संमती हवी, आणि नाव कोणाचे. शेवटच्या मुद्द्यावर लोक हसतात, परंतु केंद्र चालू लागल्यावर नावाची किंमत भांड्यांपेक्षा जास्त होते. भांडवलावर काकांना व्याज द्यायचे असेल, तर तेही भागीदारीपत्रात लिहावे, कारण फर्मच्या आयकराच्या हिशेबात भागीदारांना दिलेले व्याज पत्रात तरतूद असेल तरच, आणि तेही वार्षिक १२ टक्क्यांपर्यंतच, खर्च म्हणून मान्य होते.

"स्लीपिंग पार्टनर" या शब्दाने पैसा लावणाऱ्यांचीही फसगत होते. आपण फक्त पैसा दिला, कामात लक्ष घालत नाही, म्हणून आपली जबाबदारी पाच लाखांपुरतीच आहे, असा काकांचा समज असेल तर तो चुकीचा आहे. साध्या भागीदारीत फर्मच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. किराणा व्यापाऱ्याची उधारी थकली, तर तो व्यापारी झोपलेल्या भागीदारालाही उठवू शकतो. ही गोष्ट तरुणीने आपणहून काकांना सांगावी. त्यामुळे ते मागे सरले तरी चालेल. पुढे कळून मागे सरण्यापेक्षा ते बरे.

याचीच दुसरी बाजू अशी की जो भागीदार नाही त्याला भागीदार म्हणून मिरवू देऊ नये. काकांनी केवळ कर्ज दिले असताना गल्ल्यावर बसून "आम्ही दोघे पार्टनर" असे सांगितले, आणि त्या भरवशावर कोणी माल उधार दिला, तर त्या उधारीपुरते काका भागीदारासारखे जबाबदार ठरू शकतात. केवळ नफ्यातील काही हिस्सा धनकोला व्याजाऐवजी दिला, म्हणून तो आपोआप भागीदार होत नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट केलेले आहे. एकूण काय, नाते ठरवताना पाटीवरचा किंवा गप्पांतला शब्द पुरेसा नसतो. दोघांचे प्रत्यक्ष वागणे आणि करार एकत्र पाहिले जातात.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसेल तर फर्मला बाहेरच्या व्यक्तीविरुद्ध कराराच्या आधारे दावा लावता येत नाही. एखाद्या कार्यालयाने महिनाभराच्या डब्यांचे पैसे बुडवले, तर नोंदणी नसलेल्या फर्मला त्यांच्यावर न्यायालयात जाता येणार नाही, ही अडचण लहान नाही. मुंबईत फर्म निबंधकांचे कार्यालय वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीच्या परिसरात आहे. दोघांच्या फर्ममध्ये एकाचा मृत्यू झाला की फर्म संपते आणि वारस हिस्सा मागायला येतात, हेही आधीच धरून चालावे. वारसांना रक्कम किती आणि किती हप्त्यांत द्यायची, हे लिहून ठेवले की काकांच्या माघारी काकूंशी वाद होत नाही.

जबाबदारी मर्यादित ठेवायची असेल, तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा पर्याय आहे. त्यात किमान दोन नियुक्त भागीदार लागतात आणि दरवर्षी विवरणे भरावी लागतात. पाच लाखांच्या केंद्राला तो खर्च जड जाईल. पन्नास लाखांच्या केटरिंगला मात्र तो योग्य ठरेल.

चौथी पायरी: गुंतवणूकदार असेल तर आधी कंपनी लागते

"दहा टक्के शेअर देतो, पैसा लाव" हे वाक्य अंधेरी-पवईच्या कॅफेंमधून आता गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचले आहे. परंतु एकल मालकीच्या व्यवसायात शेअर नसतातच. शेअर द्यायचे तर कंपनी काढावी लागते आणि खासगी कंपनीत भागधारकांची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे २०० आहे. मुंबईत कंपनी निबंधकांचे कार्यालय मरीन ड्राइव्हवर एव्हरेस्ट इमारतीत आहे, तरी बहुतेक कामे आता ऑनलाइन होतात. शेअरसाठीचे पैसे रोखीने घेता येत नाहीत. ते बँकेतून आले पाहिजेत, आणि ६० दिवसांत शेअर दिले नाहीत तर पैसे परत करावे लागतात.

टक्केवारीचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा. कोणी दहा लाख देऊन २० टक्के मागितले, तर त्याने पैसे येण्याआधीच्या तुमच्या व्यवसायाची किंमत ४० लाख धरली आणि पैसे आल्यानंतरची ५० लाख. ही किंमत तुम्हाला पटते का, हा खरा प्रश्न आहे. २० हा आकडा लहान वाटतो की मोठा, हा नव्हे. पुढच्या वेळी आणखी शेअर काढले की सगळ्यांचे हिस्से कमी होतात, म्हणून पहिल्याच गुंतवणूकदाराला ४० टक्के देऊन टाकणाऱ्याला पुढे देण्यासारखे फारसे उरत नाही. नवउद्योगांना त्रासदायक ठरलेला तथाकथित एंजल टॅक्स, म्हणजे शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या रकमेवरचा कर, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, ही चांगली गोष्ट झाली.

नवख्यांकडून नकळत होणारी एक गंभीर चूक येथेच सांगतो. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटांवर "आमच्या व्यवसायात पैसे गुंतवा, दरमहा तीन टक्के मिळवा" असा संदेश टाकणे. लोकांकडून अशा रीतीने ठेवी गोळा करण्यावर अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध अधिनियम, २०१९ आणि महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा लागू होऊ शकतो, आणि त्यात मालमत्ता जप्त होण्यापर्यंत मजल जाते. भिशी चालवून भांडवल उभे करण्याची कल्पनाही तितकीच धोक्याची. चिट फंडासाठी १९८२ चा वेगळा कायदा आणि पूर्वपरवानगी आहे. ओळखीच्या चार माणसांशी समोरासमोर बोलणे वेगळे आणि सर्वांना आवाहन करणे वेगळे.

पाचवी पायरी: जामीनदार, प्रायोजक आणि देणगीदार

जामीनदार पैसा देत नाही, सही देतो, आणि म्हणून लोक त्याला हलके समजतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. वेगळे ठरले नसेल तर बँक ऋणकोच्या आधी जामीनदाराकडेही जाऊ शकते. पतपेढीच्या कर्जासाठी सहकाऱ्याची सही मागताना त्याला हे सांगणे आपले कर्तव्य आहे. सही केल्यावर त्याच्या स्वतःच्या गृहकर्जावर परिणाम होऊ शकतो, तेही सांगावे.

प्रायोजकाशी करार छोटा पण तंतोतंत असावा. गणेशोत्सवाच्या कमानीवर कोणाचे नाव किती फूट, किती दिवस, प्रतिस्पर्धी ब्रँडला जागा द्यायची की नाही, आणि पावसात फलक फाटला तर नवा कोणी लावायचा, एवढे लिहिले की पुरते. प्रायोजकत्व ही जाहिरातीची विक्री आहे. म्हणून बिल द्यावे लागते आणि वस्तू व सेवा कर लागू होतो का व तो कोणी भरायचा, हेही पाहावे लागते. मंडळाने "देणगी" अशी पावती द्यायची आणि कंपनीने "जाहिरात" अशी नोंद करायची, या दुटप्पीपणातून दोघांच्याही लेखापरीक्षणात प्रश्न निघतात. वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडून परवानगी घ्यावी लागते. मुंबईचे ते कार्यालय वरळीला आहे.

देणगीबाबत थोडक्यात. नात्यात नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली, तर ती रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. काका खरोखरच सख्खे असतील तर हा प्रश्न येत नाही. शेजारचे असतील तर येतो. मुंबईत सगळेच काका असतात, आयकर खात्याला मात्र वंशावळ लागते.

नाट्यव्यवसायात येणाऱ्यांसाठी काही शब्द

मराठी नाटकाच्या जाहिरातीत निर्माता, प्रस्तुतकर्ता, सूत्रधार आणि व्यवस्थापक अशी नावे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि नव्या माणसाला वाटते, हे सगळे पैसा लावणारे आहेत. तसे नाही. पैसा आणि तोटा सामान्यतः निर्मात्याचा. सूत्रधार म्हणजे येथे बहुधा प्रयोग लावणारा, तारखा आणि मंडळी सांभाळणारा माणूस. प्रस्तुतकर्ता म्हणून नाव असणाऱ्याने पैसा दिला असेल, केवळ नाव दिले असेल, किंवा दोन्ही. ते करार पाहिल्याशिवाय कळत नाही. ठेक्याच्या प्रयोगात तर त्या एका प्रयोगापुरता धोका ठेकेदाराने उचललेला असतो: तो ठरलेली रक्कम देतो, तिकीटविक्री त्याची. कलाकारांची "नाईट", म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, प्रेक्षागृह भरो न भरो द्यावीच लागते, आणि नव्या निर्मात्याचे अंदाजपत्रक कोसळते ते बहुतेक वेळा याच जागी. नेपथ्य आणि तालमींचा खर्च एकदाच होतो, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात असतो. नाईट, भाडे, बस आणि वृत्तपत्रातील जाहिरात हा खर्च दर प्रयोगाला होतो.

राजाश्रय आणि तिकीट यांतील फरक या व्यवसायाने फार पूर्वी अनुभवला आहे. विष्णुदास भावे यांचे १८४३ चे नाटक सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने उभे राहिले. आश्रय संपल्यावर त्यांना मंडळी घेऊन फिरावे लागले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पैसे देणाऱ्या प्रेक्षकांसमोर प्रयोग करावे लागले. नव्या निर्मात्यानेही एकाच आश्रयदात्याच्या भरवशावर पंचवीस प्रयोगांच्या तारखा घेऊ नयेत. निदान पहिल्या दहा प्रयोगांचा तोटा सोसेल एवढी रक्कम खात्यात असल्याशिवाय नारळ फोडू नये, असे मी म्हणेन.

शेवटची पायरी: लिहिणे, सही करणे आणि हिशेब देणे

करार मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. उलट दोघांना कळेल अशाच भाषेत तो असावा. पूर्वी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होणारी बरीच कामे महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करावी लागतात, आणि भागीदारीपत्राचे शुल्क भांडवलावर अवलंबून असते. म्हणून मुद्रांक घेण्यापूर्वी सनदी लेखापाल किंवा वकिलाकडून रक्कम विचारून घ्यावी. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि शेवटी दोन साक्षीदार असावेत. साक्षीदार शक्यतो एकाच घरातले नसावेत.

कर्जाच्या कागदात परतफेडीची तारीख असावीच. दिलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, त्यामुळे तारीख नसलेला कागद धनकोला घाबरवतो आणि घाबरलेला धनको लवकर तगादा लावतो. भागीदारीच्या किंवा शेअरच्या कागदात बाहेर पडण्याचे कलम असावे: किती महिन्यांची सूचना, हिस्स्याची किंमत कोण ठरवणार, दुसऱ्याने तो विकत घ्यायला किती मुदत.

सही झाल्यावर करारातील "मागे असलेल्या" माणसाला विसरू नये. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च, उधारी आणि शिल्लक यांचे एक पान काकांना पाठवावे, केंद्र तोट्यात असेल तेव्हा तर जरूर पाठवावे. हप्ता किंवा नफ्याचा हिस्सा देताना बँकेच्या व्यवहारात "कर्जहप्ता", "व्याज" किंवा "नफा वाटणी" असा नेमका शब्द लिहावा, आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर "आता काही येणे नाही" असे काकांच्या हस्ताक्षरातील पत्र, कर्ज घेताना वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) लिहून दिली असेल तर ती मूळ चिठ्ठी आणि न वापरलेला धनादेश त्याच दिवशी परत घ्यावा.